कुठला ट्युबा न्यायचा

तीन आहेत माझ्याकडे.
तिन्ही जेवणघरात, भिंतीला टेकून,
कोट काढायला विसरलेल्या पाहुण्यांसारखे.

पहिला मोठा. कर्ज काढून घेतलेला,
सात हप्ते अजून बाकी.
त्याच्या तोंडात आमचं मांजर झोपतं.
त्यात फुंकलं की शेजारच्या आस्ट्रीदाच्या
कपाटातल्या बशा सूर धरतात.
दुसरा लहान, चटपटीत,
वरच्या पट्टीत लोण्यासारखा,
खाली उतरला की जरा खोकतो.
तिसरा बंदरावरच्या मोडलेल्या बँडचा,
अंगभर पोचे, एक कळ गळकी.
त्याला मोजायचं नाही, असं मीच ठरवलेलं.

आणि कागदावर तर ट्युबा नाहीच.
ज्यानं हे लिहिलं
त्यानं वेगळ्याच वाद्याचं नाव घातलंय,
जे आता काचेच्या पेटीत असतं
आणि ज्याला कुणी फुंकत नाही.
म्हणजे एका मेलेल्याच्या जागी मी बसायचं,
तेही मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत.

स्काइद्रीते, आमची संचालिका,
फोनवर एवढंच म्हणाली,
“इल्गवार्स, पाया हो. छप्पर नको होऊस.”
आणि ठेवला.

पहिल्या तालमीला मोठा नेला.
लिएपायाचा फेब्रुवारी, बाहेर समुद्र करडा,
चर्चमध्ये चार अंश.
थंड पितळ सुराखाली बसतं,
म्हणून माझी पाळी येईपर्यंत
नळीत नुसती ऊब सोडत राहायचं, आवाज न करता,
एकशे बारा ठोके मोजत.
मग मी खर्ज लावला.
साठ तोंडं उघडी होती, ऐकू फक्त मी आलो.
सोप्रानोंमधल्या एकीनं मागे वळून पाहिलं,
जेवताना कुणी टेबल ओढलं तर पाहतात तसं.

दुसऱ्या तालमीला लहान.
छान, म्हणाले सगळे. नेटका, म्हणाले.
नेटका होता खरा.
पण बाराव्या पानावर, जिथे व्हायोलिनं गप्प होतात,
बायका गप्प होतात
आणि फक्त खालच्या पट्टीतले पुरुष उरतात,
तिथे मला दिसलं,
पुरुष तीनच उरलेत.

पूर्वी अकरा होते.
चौघे आयर्लंडला मशरूम खुडायला गेले.
दोघांच्या गुडघ्यांनी जिना नाकारला.
एक टेनर झाला, का ते विचारू नका.
गुनवाल्दिस गेल्या मार्चमध्ये;
त्याची फाइल अजून त्याच्या खुर्चीवर ठेवतात.

उरले तिघे. धाकटा सत्तरीचा.
ओळ लांबलचक, आणि दम निम्म्यातच संपतो.
जिथे थांबायचं नाही तिथे ते श्वास घेतात,
तिघे एकदम,
जिना चढताना कठडा धरल्यासारखा.
माझा लहानगा, नेटका ट्युबा
त्या फटीवरून सरळ चालत गेला
आणि फट सगळ्या चर्चला दिसली.

त्या रात्री मी तिसऱ्यावरची धूळ पुसली.
कळ गळकी, म्हणजे हवा वाया.
हवा वाया, म्हणजे माझाही दम निम्म्यातच.
दुरुस्ती करणारा तेओदोर्स म्हणाला,
आण इकडे, दहा मिनिटांचं काम.
म्हटलं, कार्यक्रम होऊ दे.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
की जणू मी डोकं घरी विसरून आलोय.

तिसरी तालीम. बारावं पान.
मोठ्याची छाती नाही याला, लहान्याची चाल नाही,
आवाज जुन्या लोकरीसारखा, जरा टोचणारा.
ओळ निघाली. निम्म्यावर आली.
तिघांचे खांदे वर झाले, माझेही.
चौघांनी मिळून एक श्वास घेतला
आणि तो मुळातच लिहिलेला होता
असं वाटावं इतका मोठा घेतला.

स्काइद्रीतेचा हात हवेत थांबून राहिला.
काही बोलली नाही. पान उलटलं.

नंतर, मी पुन्हा ऊब सोडत, ठोके मोजत बसलेलो,
सत्तावीस, अठ्ठावीस,
तेव्हा त्या तिघांतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं,
मागे न बघता,
आपली खुर्ची वीतभर मागे सरकवली,
माझ्याकडे.
कर्कश आवाज झाला.
मी मोजणं चुकलो.